पाणी ओसरल्यावर चूल पेटते कशी : सांगलीच्या महापुरातील छोट्या मदतीचा प्रकरण अभ्यास

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. नदीकाठच्या वस्त्यांतल्या जुन्या रहिवाशांना २००५ चा पूर पाठ होता. तेव्हा पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं आणि त्याची खूण अनेक घरांच्या भिंतींवर होती. त्या खुणेच्या वरच्या फळीवर गादी, कागदपत्रांची पेटी, धान्याचा डबा चढवून माणसं निश्चिंत मनाने बाहेर पडली. पाणी त्या खुणेच्याही तीन फूट वर गेलं. त्या वर्षीचं नुकसान मोठं झालं त्याचं हे एक साधं कारण: जे वाचवण्यासाठी वर ठेवलं होतं, नेमकं तेच बुडालं.

या प्रकरणात एकच परिस्थिती घेतली आहे. पाणी ओसरल्यापासून साधारण तीन आठवडे, आणि एक घर. हे घर कुणा एका कुटुंबाचं नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, मगरमच्छ कॉलनी अशा सखल भागांत ज्या प्रकारची घरं आहेत, त्यांचा हा नमुना. दोन खोल्या, वर पत्रा, घर भाड्याचं. नवरा मार्केट यार्डात हमाली करतो. बायको घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. दोन मुलं, एक चौथीत, एक आठवीत. आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या सासूबाई. पाच माणसं, हातावरचं पोट. घरात पाणी छातीपर्यंत आलं आणि आठवडाभर राहिलं.

तारखाही ध्यानात ठेवायला हव्यात, कारण मदतीची किंमत तारखेवर ठरते. नागपंचमी ५ ऑगस्टला होती, तेव्हा पाणी चढत होतं. ९ तारखेच्या सुमारास ते सर्वांत वर होतं. १२ ला बकरी ईद, १५ ला राखी पौर्णिमा आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी. या सुमारास बऱ्याच गल्ल्या उघड्या पडू लागल्या. गणपती २ सप्टेंबरला, गौरी ५ ला. ज्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाणी गेलं तो या घराचा पहिला दिवस धरू. म्हणजे गौरी-गणपतीला उरले तीन आठवडेसुद्धा नाहीत. ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा हाच वर्षातला मोठा हंगाम असतो.

पाण्यात असताना: भाकरी

शिबिरात, शाळेत, मंगल कार्यालयात असताना कुटुंबाला पहिली गरज शिजलेल्या अन्नाची. इथे गावोगावच्या बायांनी पाठवलेल्या भाकरीने मोठं काम केलं. पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्याने कित्येक दिवस बंद होता. बाहेरून ट्रक येणं अवघड, म्हणून जवळच्या कोरड्या गावांवरच भार आला. याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे, तेव्हा पाण्याचे टँकर चालू होते. एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला दुष्काळ, एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात.

अन्न पाठवताना एक चूक हटकून होते. पोळ्या गरमागरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतात. वाफेचं पाणी आतच राहतं, पोळी चिकट होते आणि ऑगस्टच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारते. हजार पोळ्या येतात आणि त्यातल्या निम्म्या टाकाव्या लागतात. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी मात्र तव्यावर चांगली वाळवून, पूर्ण गार करून, कागदात किंवा सुती फडक्यात बांधली तर चार-पाच दिवस राहते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, ओली नाही. भाजी पाठवू नये. ती वाटेतच उतरते. एका घरातून दहा भाकरी आणि एक मूठ चटणी हे माणशी फार छोटं दान आहे, पण शंभर घरांतून आलं की दोन शिबिरांचं एक वेळचं जेवण होतं, आणि ते खराबही होत नाही.

पहिला दिवस ते तिसरा: गाळ

पाणी गेलं म्हणजे घर मिळालं असं नव्हे. आत घोट्याच्या वरपर्यंत गाळ असतो. तो ओला असेपर्यंत फावड्याने ओढता येतो. एकदा वाळला की दगडासारखा बसतो आणि फरशीसकट खरवडावा लागतो. म्हणून पहिले तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके याच तीन दिवसांत घराघरांत फावडं नसतं, कारण तेही वाहून गेलेलं असतं.

एका गल्लीला, म्हणजे वीसेक घरांना, चार फावडी, सहा घमेली, दहा खराटे, चार बादल्या आणि दहा जोड गमबूट एवढं सामान पुरतं. प्रत्येक घराला वेगळं देण्याची गरज नाही. ते गल्लीत फिरतं. गमबूट चैनीची वस्तू नाही. गाळात फुटकी काच, पत्र्याचे तुकडे, खिळे असतात, कधी विंचू-साप असतात, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका. ज्याच्या पायाला चिरा पडल्या आहेत त्याने चपलेवर गाळात उतरू नये. आरोग्य खात्याचे लोक गल्लीत आले की त्यावरच्या गोळ्यांबद्दल विचारून घ्यावं. मदत करणाऱ्यांनी मात्र आपल्या मनाने औषधं वाटू नयेत. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी किंवा जुनी चिठ्ठी सापडली तर तीच घेऊन दुकानात जायचं आणि महिनाभराच्या गोळ्या आणून द्यायच्या. चिठ्ठी सापडली नाही तर आधी डॉक्टर.

गाळ काढायचा क्रम आतून बाहेर. आधी मागची खोली, मग पुढची, मग उंबरा. पुष्कळ जण पुढची खोली आधी साफ करतात, कारण ती दिसते, आणि मागचा गाळ तिच्यावरूनच ओढावा लागतो. गाळ निघाल्यावर पाण्याने धुवायचं, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या. फिनेल आणि ब्लीचिंग एकत्र करू नये. वेगवेगळी वापरावीत. मेन स्विच वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करायचं नाही. बोर्डातला गाळ दिसत नाही, पण तो असतो. एखाद्या मंडळाने दोन वायरमन दोन दिवस आपल्या खर्चाने गल्लीत बसवले, तर ती मदत कुठल्याही किटपेक्षा मोठी ठरते. गल्लीत पहिला दिवा लागला की बाकी कामं रात्रीही करता येतात.

किट: काय हवं आणि काय नको

या पुरानंतर सरकारकडून बाधित कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ जाहीर झाला होता. पाच माणसांच्या या घरात मोठ्या तिघांना रोज साधारण ४०० ग्रॅम धान्य लागतं, मुलांना पावणेतीनशेच्या आसपास. रोजचं पावणेदोन किलो. म्हणजे २० किलोत अकरा दिवस निघतात. हा हिशेब मांडला की लगेच कळतं: बाहेरून येणाऱ्या देणाऱ्याने पुन्हा तांदूळच आणला तर घरात तांदळावर तांदूळ साचतो आणि फोडणीला तेल नसतं. झालं तसंच. कित्येक घरांत तीन-चार संस्थांचा मिळून पोतंभर तांदूळ जमला आणि तिखट-मीठ उसनं आणावं लागलं.

गव्हाची अडचण वेगळी. गहू मिळाला तरी तो दळायचा कुठे? गल्लीतली गिरणी पाण्यात होती, मोटर बसलेली, वीज नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पीठच हवं. ५ किलो पीठ या घराला जेमतेम तीन दिवस पुरतं, पण तेच तीन दिवस अडचणीचे असतात. पुढे गिरणी चालू झाली की सरकारी गहू दळता येतो. देणाऱ्याला शक्य असेल तर गिरणीवाल्याकडे दळणाचे पैसे आगाऊ भरावेत. दहा किलोच्या दळणाचा खर्च अगदी थोडा असतो, पण खिशात शून्य असलेल्या माणसाला तो थोडा वाटत नाही.

मग धान्याच्या जोडीला जे लागतं त्याचं किट बांधायचं. पंधरा दिवसांसाठी तूरडाळ ३ किलो (पाच माणसांना दिवसाला २०० ग्रॅम), तेलाच्या एकेक लिटरच्या दोन पिशव्या, साखर २ किलो, चहापूड पाव किलो, मीठ १ किलो, कांदा-लसूण मसाला पाव किलो, हळद १०० ग्रॅम, मोहरी-जिरं पन्नास-पन्नास ग्रॅम, आणि तीन दिवसांचं पीठ. कांदे-बटाटे दोन-दोन किलो. काडेपेट्या, मेणबत्त्या. २०१९ च्या भावाने हे हजार-बाराशेच्या घरात बसत होतं. मसाला इथला हवा. मुंबई-पुण्याहून गरम मसाल्याची पाकिटं आली की ती तशीच पडून राहतात, कारण सांगली-कोल्हापूरच्या आमटीला कांदा-लसूण चटणीच लागते. भुकेल्याला काहीही चालतं असं म्हणणाऱ्याने पंधरा दिवस बेचव आमटी खाऊन पाहावी. चवीचं अन्न मिळालं की घरातल्या माणसांना घर परत मिळाल्यासारखं वाटतं, आणि मुलं जेवतात.

बांधणीतही दोन गोष्टी बिघडतात. अंगाचा आणि कपड्याचा साबण पिठाच्या पिशवीत टाकला की पिठाला साबणाचा वास लागतो आणि ती भाकरी घशाखाली उतरत नाही. तेलाची पिशवी ओझ्याखाली फुटते आणि डाळ-साखरेचा चिखल होतो. म्हणून तीन पिशव्या: एकीत पीठ-डाळ-साखर, दुसरीत तेल आणि मसाले उभे लावून, तिसरीत साबण, फिनेल, ब्लीचिंग. वजन सारखं वाटलेलं हवं. कांदे-बटाट्यांसकट सगळं मिळून पंधरा-वीस किलो होतं. ते एकाच पोत्यात असेल तर सासूबाई रांगेत उभ्या राहून ते घरी नेऊ शकत नाहीत आणि त्यांच्या वाटची पिशवी दुसराच कुणी उचलतो.

एवढं सगळं आलं तरी शिजवायचं कशावर हा प्रश्न राहतो. सिलिंडर बहुधा तरंगून कुठेतरी अडकलेला सापडतो. शेगडी गाळात असते. बर्नरची भोकं दाभणाने मोकळी करून, शेगडी उलटी करून दोन दिवस वाळवली तर ती चालते. पण रबरी नळी बदललीच पाहिजे. तिच्यात गाळ आणि पाणी अडकतं, आणि रेग्युलेटर एजन्सीच्या माणसाकडून तपासून घ्यायचा. नळी दोनेकशे रुपयांची. ती नाही म्हणून हजाराचं किट घरात पडून आहे, अशी घरं असतात. आमच्या मते पूरग्रस्त घराला द्यायची पहिली वस्तू कोणती असं विचारलं तर उत्तर हेच: गॅसची नळी, एक कुकर किंवा पातेलं, एक तवा, एक कढई, पळी, उलथणं, पाच ताटं, पाच वाट्या, पाच पेले. भांडी नवी असण्याची गरज नाही. शेजारच्या कोरड्या गल्लीतून एकेक वस्तू जमली तरी संच पूर्ण होतो.

कपड्यांचे ढीग

पूर आला की कपडे येतात, आणि नको तितके येतात. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडलेले सांगली-कोल्हापुरात सगळ्यांनी पाहिले. मुंबईहून येणाऱ्या गाठोड्यांत लग्नातले जड घागरे, लहान झालेले कोट, एकेकटे मोजे, फाटके टी-शर्ट. ते निवडायला माणसं लागतात, ठेवायला कोरडी जागा लागते, आणि शेवटी टाकायला घंटागाडी लागते. देणाऱ्याचा भाव चांगला असतो हे खरं. पण त्या ढिगाचा भार पूरग्रस्त गावावरच पडतो.

हवं असतं ते वेगळंच. नवे आतले कपडे, मापाप्रमाणे. परकर. गाऊन, कारण गाळ काढताना साडी सांभाळत बसता येत नाही, आणि गाऊनला माप लागत नाही. म्हाताऱ्या बायांना नऊवारी, पाचवारी नव्हे. सॅनिटरी पॅड, एका बाईला दोन पाकिटं, आणि ती वाटायला बाईच हवी. टॉवेल. अंथरायला सतरंजी आणि पांघरायला ब्लँकेट, माणशी एक. कापसाची गादी पुरात भिजली की ती वाळत नाही, आत कुजते. ती उन्हात टाकून ठेवण्यात आठवडा जातो आणि शेवटी फेकावीच लागते. त्यामुळे पहिल्याच दिवशी बाहेर काढून टाकायला सांगावं, पण पंचनामा किंवा निदान फोटो झाल्यावर.

पाचशे रुपयांची गोष्ट

सरकारने शहरी भागातल्या बाधित कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार रुपये जाहीर केले. त्यातले ५ हजार रोख आणि उरलेले बँक खात्यावर. या घरासाठी ही सर्वांत मोठी रक्कम. आणि ती अडते अगदी क्षुल्लक गोष्टींवर.

घर भाड्याचं आहे. वीजबिल मालकाच्या नावावर, लेखी करार नाही. रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावाने गावाकडचं. आधार कार्ड, पासबुक पेटीत होतं आणि पेटी पाण्यात. खातं आहे, पण दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसल्याने बंद पडलंय. प्रत्येक अडथळ्याला एक फेरी, आणि प्रत्येक फेरीत अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडतो. आधारची प्रत काढायला सेवा केंद्र, पासबुकची दुसरी प्रत, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, रिक्षा, खातं चालू करायला थोडी रक्कम भरणं, घरमालकाकडून चिठ्ठी. हे सगळं मिळून पाचशे रुपयांच्या आत बसतं. पण गाळ काढून थकलेला, खिशात दमडी नसलेला माणूस दोन फेऱ्यांनंतर नाद सोडतो.

म्हणून छोट्या देणगीचा सर्वांत जास्त परतावा इथे मिळतो. पाचशे रुपये रोख आणि सोबत फिरणारा एक माणूस. तो माणूस शेजारच्या गल्लीतला कॉलेजचा मुलगा असला तरी चालतो, फक्त त्याच्याकडे यादी हवी: घराचा नंबर, कुटुंबात किती जण, कोणता कागद आहे, कोणता नाही, तलाठी किंवा महापालिकेचे कर्मचारी पंचनाम्याला येऊन गेले का. भाडेकरूंच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. पंचनाम्याच्या वेळी मालक हजर असतो आणि भाडेकरू कामाला गेलेला असतो, मग नोंद एकाच कुटुंबाची होते. शेजाऱ्यांनी तिथेच सांगायला हवं की मागच्या खोलीत आणखी एक बिऱ्हाड आहे.

रोख द्यायला पुष्कळ जण कचरतात. पैसे दारूत जातील ही भीती असते. त्यावर एक साधा उपाय आहे: पाकीट घरातल्या बाईच्या हातात द्यावं. किटमध्ये काय हवं हे बाहेरच्याला ठरवावं लागतं, रोख रकमेचं काय करायचं हे घर ठरवतं, आणि घराला स्वतःची गरज जास्त कळते. मात्र पहिल्या आठवड्यात रोख फारशी कामाची नसते, कारण जवळची दुकानंच बंद असतात. दुसऱ्या आठवड्यापासून ती वस्तूंपेक्षा बरी. आणि तेव्हापासून बाहेरून सामान आणणं हळूहळू थांबवावं. नाही तर ज्या किराणा दुकानदाराने स्वतः गाळ उपसून दुकान उघडलं, त्याच्याकडे गिऱ्हाईकच येत नाही. तोही पूरग्रस्तच आहे. त्याच दुकानात या घराच्या उधारीच्या वहीत पाचशे-हजार भरले, तर एका रकमेत दोन घरं सावरतात.

शिलाई मशीन

आता हे घर मदतीवरून कमाईवर कधी येतं, तो भाग. पायाने चालवायचं जुनं मशीन, लोखंडी स्टँड, वर प्लायची फळी. आठवडाभर गढूळ पाण्यात. बाहेर काढल्यावर बाई पहिली गोष्ट काय करते? चाक फिरवून बघते. आणि तिथेच नुकसान होतं. शटलच्या आत, बॉबिन केसमध्ये, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखाली बारीक वाळू बसलेली असते. चाक फिरलं की ती वाळू लोखंडाला ओरखडे पाडते. दुसरी चूक म्हणजे गाळावरच तेल ओतणं. त्याचा काळा लगदा होतो आणि दोन दिवसांत मशीन जाम.

बरोबर रीत अशी. चाकाला हात न लावता आधी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं. वरची पट्टी, बॉबिन केस, शटल काढून घ्यायचं, दाताजवळचा गाळ जुन्या टूथब्रशने काढायचा. कोरडं पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवायचं. मग सगळ्या जोडांवर रॉकेल लावून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पुसून प्रत्येक भोकात मशीनचं तेल, आणि आता हळूहळू हाताने चाक. अडलं तर जोर न लावता पुन्हा रॉकेल. दोन-तीनदा केल्यावर बहुतेक जुनी मशीन मोकळी होतात, ती त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. चामडी पट्टा मात्र गेलेला असतो. सुया गंजलेल्या असतात. मोटर बसवलेली असेल तर ती वायरमनने तपासल्याशिवाय प्लगला लावायची नाही. मोटर काढून ठेवून पायानेच सुरुवात करावी. सगळ्यांत जास्त खर्च फळीचा, कारण प्लाय फुगून सुटलेलं असतं. तिथे सुताराने जुन्या लाकडाची फळी कापून बसवली तरी चालते.

म्हणजे देणाऱ्याने नवं मशीन द्यायची गरज नाही. तेलाची बाटली, अर्धा लिटर रॉकेल, पट्टा, बॉबिन केस, सुयांचं पाकीट, कात्री, टेप, दोरे, आणि कारागिराची मजुरी. हे नव्या मशीनच्या किमतीच्या पाव भागातही बसतं. मंडळांनी एक कारागीर आठवडाभर गल्लीत बसवला तर तो दिवसाला पाच-सहा मशीन हातावेगळी करतो.

पण मशीन चालू झालं तरी एक गोष्ट आतून खात असते, आणि ती बाहेरच्याला दिसत नाही. पूर आला तेव्हा तिच्याकडे गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस होते. श्रावण लागलेला, गौरी जवळ आलेल्या. वीस-पंचवीस कापडं आणि काही भरजरी काठाची. ती सगळी बुडाली. कायद्याने काय असेल ते असो, तिच्या मनाने ती त्या प्रत्येक बाईची देणेकरी आहे, आणि म्हणून ती गल्लीत मान वर करून फिरत नाही, किटच्या रांगेतही उभी राहत नाही. इथे शेजारणींचं छोटं दान म्हणजे एवढंच की दारात येऊन सांगायचं, माझ्या कापडाचं मनाला लावून घेऊ नको. आणि त्याच हाताने नवं कापड आणि शिलाईचे पैसे आगाऊ द्यायचे. दहा जणींनी गौरींसाठी असं केलं तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या हातात स्वतःच्या कामाचे पैसे येतात. ही मदत घेताना तिला कुणापुढे वाकावं लागत नाही.

आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. वाटीभर आमटी आली तर त्या वाटीत निदान साखरेचा दाणा तरी जातो. संस्थेचं किट परत करता येत नाही, त्यामुळे त्याचं ओझं वाटतं, त्यातून फोटो काढला तर फारच. आठवीतल्या मुलाचा हात पुढे केलेला फोटो गावभर फिरला की तो दुसऱ्या दिवशी शाळेत जात नाही. पावती हवी असेल तर यादीवर सही घ्यावी, सामानाचा फोटो काढावा. माणसांचा नको.

मुलांबद्दल एवढंच: शाळेची पाठ्यपुस्तकं शाळेतून पुन्हा मिळण्याचा मार्ग निघतो, वह्या, दप्तर, कंपासपेटी, गणवेश आणि चपला यांना तो नसतो. मुलामागे डझनभर वह्या आणि एक दप्तर. वह्या विषयांप्रमाणे, दोनरेघी, चौकटी, एकरेघी अशा मिळून. सगळ्या एकाच जातीच्या दिल्या तर मुलं आपापसांत बदलत बसतात.

कोणाला दहा, कोणाला शून्य

वाटपात जो घोळ झाला त्याचं कारण बहुतेकदा हाव नव्हती, रस्ता होता. बाहेरून आलेला ट्रक डांबरी रस्त्यावर थांबतो. पहिल्या चौकातल्या घरांना दहा-दहा किटं मिळतात, मागच्या बोळातल्या घराला एकही नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याच्या टोकाच्या गावांपर्यंत, नदीच्या पलीकडच्या वस्त्यांपर्यंत पोचायला ट्रॅक्टर लागतो. तो आधी ठरवून ठेवला नसेल तर माल वाटेतच संपतो. यावर उपाय एकच आणि तो जुना आहे: गल्लीची एकच वही. घरानुसार ओळ, पुढे रकाने: पीठ, डाळ-तेल, भांडी, अंथरूण, कागदपत्रं, कमाईचं साधन. कुठल्याही संस्थेने काही दिलं की त्या घराच्या ओळीत खूण. वही गल्लीतल्या दोन बायकांकडे ठेवावी, पुढाऱ्याकडे नव्हे. कुणाच्या घरात खरोखर काय आहे हे त्यांना विचारावं लागत नाही.

वहीत ज्यांची नावं सुटतात ती ठरावीक असतात. एकटी राहणारी म्हातारी, जी लेकीकडे गेली आणि पंचनाम्याला नव्हती. परप्रांतातून आलेले गवंडी आणि फरशी बसवणारे, चार जण एका खोलीत. दिव्यांग माणूस असलेलं घर, जिथून रांगेत कुणी येऊ शकत नाही. त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी वेगळं पान करून ते पान आधी वाटायचं.

जूनमधली मदत

२०२१ च्या जुलैत याच वस्त्यांत पुन्हा पाणी आलं, आयर्विनवर ५४-५५ फुटांपर्यंत. दोन वर्षांत दुसऱ्यांदा. पुढच्या पुरासाठी द्यायची मदत ऑगस्टमध्ये नव्हे, जूनमध्ये द्यायची असते आणि ती फारच स्वस्त पडते. झिपची जाड प्लॅस्टिक पिशवी, कागदपत्रांसाठी, दर घराला एक. सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या फोनवर आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाच्या फोनवर. सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी त्याच पिशवीत. झाकणाचा घट्ट प्लॅस्टिक पिंप, धान्यासाठी, आणि तो खिडकीच्या गजाला बांधायला नायलॉनची दोरी. भाडेकरूंसाठी घरमालकाच्या सहीचा साधा कागद, आधीच करून ठेवलेला.

आणि शिलाई मशीन. स्टँड जड, तो उचलता येत नाही, पण त्याची गरजही नाही. पट्टा काढायचा, डोक्याच्या, म्हणजे वरच्या शिवणाऱ्या भागाच्या, मागे दोन बिजागऱ्या असतात, त्यांचे स्क्रू सैल करायचे, आणि डोकं सरळ वर उचललं जातं. एका माणसाने कडेवर घेऊन जिना चढण्याइतकं त्याचं वजन असतं. दहा मिनिटांचं काम. पण ते स्क्रू वर्षानुवर्षं न हलवल्याने गंजलेले असतात आणि पाणी दारात असताना सुटत नाहीत. म्हणून जूनमध्येच कुणीतरी गल्लीत फिरून प्रत्येक मशीनचे ते दोन स्क्रू सोडवून, तेल घालून पुन्हा बसवून ठेवावेत, आणि मापाचा पेचकस मशीनच्या ड्रॉवरमध्येच टाकून ठेवावा.